घट

एकतीस वर्षं सावद्याला केळीच्या काट्यावर
मी घट लावत आलो.
दांड्याची इतकी, ओलीची इतकी,
वाटेत ऊन पिऊन टाकेल ती इतकी.
पेन्सिल कानावर, काटा समोर,
माल आणणारा कितीही कुरकुरला
तरी घट ती घट.

माझं स्वतःचं माप शिंप्याकडे असायचं.
दर दिवाळीला दोन बोटं वाढवायचा
आणि म्हणायचा, अंग धरलंय लीलाधरभाऊंनी.

मग तळपायांना मुंग्या आल्या.
जिन्याच्या नवव्या पायरीवर
छातीवर कुणी अख्खा घड उतरवून ठेवल्यासारखं झालं.
भुसावळला रक्त दिलं, पट्ट्यावर चाललो,
गार जेली लावून पडद्यावर बघितलं काळीज :
पाण्याबाहेरच्या मासोळीसारखं
तोंड उघडत होतं, मिटत होतं.

उपाशीपोटी दोनशे बारा.
बऱ्हाणपूरच्या बोर्डावर केळीचा भाव असा चढला असता
तर आम्ही पेढे वाटले असते.
डॉक्टर झोपे म्हणाले,
फेगडे, झोपे हे आडनाव माझं आहे.
तुम्ही चाला.

साखर मला नवी नाही.
हिरव्या केळात नुसतं पीठ असतं.
पिकवणीच्या थंड खोलीत दार लावून, पारा धरून
आम्ही गोडी दिवसादिवसानं येऊ देतो.
घाई केली की साल काळी पडते,
हे मी किती नव्या पोरांना शिकवलं.
आणि स्वतः उघड्या दारानं पिकत राहिलो,
बट्टीवर तूप, तुपावर तूप,
लग्नसराईत रसाची चौथी वाटी,
नको म्हणायला तोंड रिकामं कुठं होतं.

पहिल्या दिवशी सात खांब.
चिनावल रस्त्यावरचे, विजेचे.
सातव्याला हात टेकून उभा होतो
तर दूधवाला थांबला,
"कुठी चालले बा इतल्या पाह्यटी?"
कुठंच नाही, म्हटलं.
खरंच होतं ते.
कुठं जायचं नसताना
मी आजवर कधी चाललोच नव्हतो.

वैशाखात साडेचारला निघायचं,
सातला ऊन मानगूट धरतं.
दोन्ही बाजूंना केळीच्या बागा,
अंधारात ठिबकचा आवाज.
झाडांनाही इथं थेंब मोजून देतात.
वाटलं, पथ्यावर आपण एकटेच नाही.

रोज रात्री इंदुमती टॉर्च लावून
माझे पाय बघते.
बोटांच्या बेचक्या, टाचेची भेग,
चप्पल कुठं चावली का.
इतक्या वर्षांच्या संसारात
तिनं माझा चेहराही इतका वेळ बघितलेला नाही.
कळण्याची भाकरी थापते,
भरताला तेल घालताना
बुधली माझ्याकडं पाठ करून धरते.
ठेच्याला मनाई नाही, तेवढं एक सुख.
तिचीही साखर एकदा बघायला हवी,
हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय.

अजून एकशे अठ्ठेचाळीस निघते.
झोपे म्हणतात, हे खातं बंद होत नाही,
रोजच्या रोज उतरवायचं.
पण नववी पायरी आता
आठवीसारखीच आहे, दहावीच्या खालची.

मार्गशीर्षातली एक रात्र.
शेवटचा ट्रक भरून गेला,
आवारात पाला, चीक, आणि आम्ही दोघं.
मी काट्यावर चढलो.
सरदार तडवीनं बॅटरी धरून आकडा वाचला,
सत्त्याऐंशी किलो चारशे.
होळीला पंच्याण्णव होतो.
त्यानं माझ्याच कानावरची पेन्सिल काढली,
"मापाडी, घट लावू का?
चपला, किल्ल्या, खिशातल्या गोळ्या?"
लाव, म्हटलं.

तो लिहीत होता.
थंडी होती, छाती शांत चालली होती.
मी कुरकुरलो नाही.