मोड

फुजैराच्या धावपट्टीच्या टोकाला, डोंगराच्या अंगाला
अकरा टोर्व्हिक उभी आहेत.
इंजिनांच्या तोंडाला चंदेरी कागद, पंख्यांना दोरी,
एकाच्या चाकाआड मांजर व्यालेली.
खलफान म्हणाला, आम्ही कंपनी विकत घेतोय.
कुठली, मी म्हटलं, ती तर
वारली.

तो हसला नाही. म्हणाला, नाव, शिक्का, नकाशे,
सगळं मिळतंय कवडीमोलाने.
छेचाळीस माणसांचं विमान, आखूड धावपट्टीचं,
आता कुणीच बनवत नाही असलं.
तू एकवीस वर्षं यांच्या पोटात काढलीस,
सांग, पुन्हा बनेल?

प्रश्न इंग्रजीत होता.
उत्तर मराठीत यायला लागलं,
म्हणून वेळ गेला.

नकाशे आहेत. चौदा पेट्या, दमटाने पापडासारखे चिकटलेले.
साचे नाहीत. पंखांचे साचे लिलावात गेले,
त्यांच्यावर कुठल्याशा बंदरात आता मासे वाळतात म्हणे.
आणि डावं दार.
डावं दार लावताना
गुडघ्याने खालून किंचित उचलावं लागतं.
हे कुठल्याच पुस्तकात नाही.
मला पॉलोसने शिकवलं,
पॉलोसला एका सुदानी म्हाताऱ्याने,
म्हाताऱ्याला, त्याच्या सांगण्याप्रमाणे, दारानेच.

अडलं की आम्ही फॅक्स करायचो.
उत्तराखाली सही असायची, आन्नेलीसे टोफ्टे,
शेजारी पेनाने काढलेला पक्षी, शेपटीकडे जरा जड.
एकदा तिने लिहिलं:
एकोणिसाव्या फासळीपाशी नकाशा दोन मिलिमीटर चुकलाय,
आम्हाला ठाऊक आहे,
तुम्ही हाताला पटेल तिथे भोक पाडा.
कंपनी बुडाली त्या महिन्यातही तिचं उत्तर आलं.
तो कागद मी पेटीच्या झाकणात जपला होता.
उन्हाळे लागून लागून कोरा झाला.
पक्षीसुद्धा उडाला.

खोलीवर आलो. मटकी कालपासून भिजत होती.
उपसली, धुवट गंजीफ्रॉकात बांधली,
एसीपासून लांब टांगली.
रोडेल म्हणाला, पुन्हा सडवतोयस?
त्याला काय सांगू, की आमच्यात
विमान जातं ते मोडीत
आणि मटकीला येतात तेही
मोडच.

रात्री झोप लागली नाही.
मोड फुटतो तेव्हा दाणा आधी स्वतःचं पोट फाडून घेतो.
मग जे वर येतं ते वाकडं, पांढरं, लांबच लांब,
पेरलेल्यासारखं मुळीच दिसत नाही.
तरी नाव मटकीच राहतं.
त्यांनी नवं इंजिन लावलं, नवे पडदे, नवी फासळी
अगदी नकाशाबरहुकूम,
त्या दोन मिलिमीटरच्या चुकीसकट,
तर तेही टोर्व्हिकच म्हणवणार.
म्हणवू दे की.
मला काय एवढं लागावं?
पण लागलं.

सकाळी गाठोडं सोडलं. बहुतेक फुटले होते.
सात-आठ गणंग तसेच, खड्यासारखे,
दोन रात्री पाण्यात राहून कोरडे.
एरवी फेकतो. या वेळी
वाटीत वेगळे ठेवले, पाणी घातलं.
उगाच.

खलफानला फोन केला.
म्हटलं, बनेल की नाही ते मला नाही सांगता येत.
डावं दार कसं लावायचं ते शिकायला कुणाला तरी पाठव.
म्हणाला, लिहून दे.
म्हटलं, लिहून होत नाही. गुडघा असलेलं माणूस पाठव.

दुपारी तोच आला.
मी पायरीवर उभा राहून बघत राहिलो.
त्याने आधी हाताने ओढलं, मग खांद्याने,
मग इकडेतिकडे पाहून
पांढरा कंदुरा एका मुठीत वर धरला
आणि गुडघा लावला.
अजून खाली, मी म्हटलं. अजून. आता.
दार तिसऱ्या खेपेला बसलं.
त्याच्या गुडघ्यावर ग्रीसचा गोल ठसा,
आणि आत, अंधारात, आम्ही दोघं,
बाहेर मांजर ओरडत होती.