खारट

बोट उशिरा पोचली. शाळेच्या पडवीत
चटयांवर पोरं, माश्या वारत बसलेली.

तेविताच्या नाकाखाली खपली,
काकवी सांडून वाळावी तशी.
"गोड लागते का रे?"
"खारट," म्हणाला, आणि जीभ चावली.

मेरेलिताच्या तान्ह्याच्या काखेत
पाण्याचे फोड, इतके पातळ
की मी श्वासही बेतानं घेतला.

सेमी मात्र मागेच. पाय चटईखाली.
नडगीवर खोल खड्डा, कडा जांभळ्या;
महिनाभर खोबरेल चोपडून
कुणाला न सांगता
बापाबरोबर मासेमारीला जात होता.

रजिस्टरात तिघांचं आडनाव एकच: इम्पेटिगो.

मी सुई भरली.
त्यानं सुईकडे पाहिलंच नाही.
तो पाहत होता माझ्या मोज्याच्या वर,
तिथल्या
नाण्याएवढ्या, गुळगुळीत
जुन्या वणाकडे.