संत्र्यावर सराव

धंतोलीतल्या सिस्टरनं आधी संत्रं ठेवलं हातात.
‘याले टोचून पाहा काका.
साल अन् कातडी, बोटाले सारखीच लागते.’
तीस वर्षं मी खांबावर चढलो,
अकरा हजाराच्या लाईनखाली बसून डबा खाल्ला,
आणि त्या एका फळापुढं
घाम फुटला मला.

दोन दिवस घरात संत्रीच संत्री,
पाणी भरून टच्च झालेली.
देवकाला चालायची नाहीत,
उघडं, टोचलेलं काहीच चालायचं नाही.
मीच खाल्ली सगळी. फिकट लागली.

तिच्या पांढऱ्या पेशी आठशे.
डॉक्टर असं म्हणाले, जसं आम्ही म्हणायचो
व्होल्टेज डाऊन आहे:
बल्ब आहे, पण उजेड नाही.

थर्मासातून आणलेल्या पाच सुया
फ्रिजच्या मधल्या फळीवर.
दुपारी लाईट गेली की मी माझ्याच जुन्या ऑफिसला
फोन लावून शिव्या घालायचो.
कूलर बंद, साचल्या पाण्यात काय काय वाढतं म्हणे.
चव्वेचाळीस अंशांत नुसता पंखा,
गरम हवा ढवळत.
नातवाचं नाक वाहत होतं,
तो फाटकाबाहेरूनच हात हलवून गेला.

पहिल्या रात्री पोटाची चिमूट धरली.
एकतीस वर्षांच्या संसारात
इतक्या जपून हात लावला नव्हता तिला, खरं सांगतो.
‘झालं? का अजून संत्रंच टोचून राह्यले?’

तिसऱ्या रात्री दुखणं सुरू झालं.
कमरेत, मांड्यांत, छातीच्या मधल्या हाडात.
सिस्टर फोनवर म्हणाली, ‘चांगलं आहे काका,
हाडातली मज्जा कामाले लागली.’
मी तसंच सांगितलं.
देवका दातओठ खात म्हणाली,
‘याले मज्जा म्हन्तेत?’

मी उगीचच तिच्या मांडीला कान लावला.
ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला की
एक बारीक घूं घूं येते, तसं काही ऐकू येईल म्हणून.
‘उठा,’ ती म्हणाली, ‘भार पडते.’

सहाव्या दिवशी रिपोर्ट.
अकरा हजार दोनशे.
आकडा वाचला
आणि सवयीनं एक पाऊल मागं सरकलो.

संध्याकाळी तिनं हात धुतले, संत्रं धुतलं,
सुई न लागलेलं, शेवटचं.
स्वतः सोललं. बिया काढत बसली बराच वेळ.

पुढची केमो बावीसला.
तेव्हा पुन्हा उतरेल, म्हणाले.
थर्मास धुऊन
उलटा ठेवला आहे मी ओट्यावर.