कायम की बदली

अशोक चौकात सादिकच्या दुकानात पंखा आहे,
म्हणून मी विचार जरा जास्तच करते.
बाहेर एप्रिल. डांबराला चप्पल चिकटतेय.

"आक्का, पोस्टपेड करून टाका की ओ.
महिन्याला बिल येईल, नंबर बंद पडायचा नाही.
हा हँडसेटपण मिळेल हप्त्यावर.
फक्त वर्षभर सोडता येणार नाही बघा."
आणि काचेवर बोट ठेवून
सहीची जागा दाखवतो.

श्रीलतानंच पढवलंय त्याला पुण्याहून.
"अम्मा, तू मधूनच गायब होतेस,
जीव टांगणीला लागतो माझा."

सही म्हटलं की मला नायना आठवतात.
गिरणीत कायम होते ते,
आणि धाकटा काका बदली.
भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभा राहायचा,
कुणाला ताप आला तर ह्याला काम.
घरी जेवतानाही नायना पाटावर,
काका भिंतीकडेला, ताट मांडीवर घेऊन.
मग एका सोमवारी गेटवर कागद चिकटला.
कायम आणि बदली
एकाच कडुलिंबाखाली उभे राहिले,
आणि कुणी कितपत सावलीत उभं राहायचं
ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मी स्वतः तेवीस वर्षं टॉवेलांना कडा मारते.
डझनावर पैसे.
शेठनं शब्द दिला नाही, मीही मागितला नाही.
तरी एक सकाळ चुकवली नाही,
श्रीलताच्या वेळचा शेवटचा महिना सोडला तर.
हे तुझ्या कुठल्या प्लॅनमध्ये बसतं रे, सादिक?

तो म्हणतो, "मग तेच, अठ्ठावीस दिवसांचं?"
तेच.
मोजून पाहिलंय मी, मशीनवर बसल्या बसल्या :
अठ्ठावीस-अठ्ठावीसनं गेलं
तर वर्षाचे महिने होतात तेरा.
तेरावं माणसांचं असतं एवढं ठाऊक होतं,
कंपनी महिन्यांचंही घालते
आणि जेवायला आपल्यालाच वाढायला लावते.
सादिक हसतो. त्याचं काय जातं.

श्रीलताला सांगितलेलं नाही अजून,
पण रिचार्ज संपतो ना,
त्या दोन-तीन संध्याकाळी मला बऱ्या वाटतात.
पगार शनिवारी, तोवर फोन नुसता घड्याळ.
मी पत्र्याखाली बसून शेंगाची चटणी कुटते,
शेजारची पद्मावती लसूण सोलता सोलता
सासूचे किस्से सांगते,
आणि कुणालाच काही कळवायचं नसतं.
मग शनिवारी माझी मीच येते इथे.
कुणी बांधून आणलेलं नसतं मला.

"आणि सही?"
"पुढच्या खेपेला."
वर्षातून तेरा वेळा म्हणते मी हे,
आणि तो तेरा वेळा पेन पुढे करतो.

घरी कॅलेंडरवर फुली मारली.
पाण्याच्या दिवसांना गोल असतात, रिचार्जला फुली.
फुली आज नेमकी गोलात पडली :
गल्लीत नळ सुटल्याची ओरड झाली
आणि तेवढ्यात फोनही वाजला.

श्रीलता.
विचारणार, केलंस का कायमचं.

वाजू दे.
आधी पाणी भरून घेते,
अजून अख्खे अठ्ठावीस दिवस आहेत.