कणी

मालन सोनकुसरेचा डावा डोळा
उजव्यापेक्षा जास्त खोल आहे,
हे तिच्या नवऱ्याआधी मला कळलं होतं.
अकरा हंगाम मी तिला रंगवतोय.
भुवईचं हाड संपतं आणि पापणी सुरू होते
तिथं एक वाटी आहे. अंगठा टेकेल एवढी.
माझ्या उस्तादानं वडशात एकच गोष्ट शिकवली :
खोलात उजेड भरायचा, उंचावर सावली टाकायची.
रात्री दहाला मी ती वाटी भरतो,
पहाटे खोबरेल तेलानं रिकामी करतो.

मंडईच्या आधी मालक म्हणाला,
मोबाइलमधून मान वर न काढता,
यंदा तू नायकाच्या आईचं काम कर.
नायक तिच्याहून सहा वर्षांनी मोठा.
त्याचे केस काळे करणारा मीच.

नागपूरचा कागद तिनं मला ग्रीनरूममध्ये दाखवला,
म्हणजे शाळेच्या सातवीच्या वर्गात.
फळ्यावर अजून पट आणि हजर लिहिलेलं.
"एक सुई आहे," ती म्हणाली,
"लगेच भरते, पन वर्ष-दीड वर्षात जिरते. मंग पुन्हा पैसे.
नाही तं पोटाची चरबी काहाडून इथं टोचतेत.
काही रायते, काही आंगच खाऊन टाकते.
किती रायते थे डॉक्टरलेबी मायीत नाही.
पापनी पडली असती तं आतला पट्टा आखडून शिवला असता,
पन तुही पडली नाही म्हने, तुह्या डोऱ्याले फक्त खड्डा हाये."
"आन् नजर?"
"कधीमधी जाते म्हने. सही घेतेत."

म्हणणार होतो, मी रोज फुकट भरतो की.
म्हणालो नाही.
माझं भरणं उजाडेपर्यंतचं,
आणि तिला डोळे दिवसाही लागतात.
बँकेत, रेशनच्या रांगेत, धाकट्याच्या शाळेत
जो तो विचारतो, बरं नाही का, बाई?
झोप झाली नाही का?
आणि ती छान झोपून आलेली असते.

बावीस नाइटांचे पैसे गेले.
पंधरा दिवसांनी भेटायला गेलो
तर ओसरीत धान पाखडत होती, गॉगल घालून.
काढून दाखवला.
हिरवं, जांभळं, कडेला पिवळं.
खलनायकाला मी हेच रंग लावतो,
पण इतके बेमालूम मला कधी जमले नाहीत.
"दोन लेकरं वाढोली या पोटात," ती म्हणाली,
"आता माह्यासाठी जराकसं वरतं नेलं."
आणि हसली, आणि हसताना दुखलं म्हणून थांबली.

नागभीडच्या बाजूला पहिला प्रयोग.
माझं बोट सवयीनं वाटीत उतरायला गेलं.
अंधारात शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि तिथं सपाट जमीन असावी, तसं झालं.
उजेडाची कांडी हातात तशीच.
कुठं लावू?
"काय झालं?" डोळे मिटूनच तिनं विचारलं.
काही नाही म्हणालो
आणि गालांवर नेहमीपेक्षा जास्त वेळ घालवला.

काम आईचंच मिळालं. नाइटही तेवढीच.
तिसऱ्या अंकात मुलगा घर सोडून जातो,
ती खांबाला धरून बघत राहते.
विंगेतून मी बघत होतो.
पुढं सतरंजीवर बसलेल्या बायांपैकी
कुणाला काही वेगळं दिसलं असेल असं वाटत नाही.
त्या रडायच्या तिथं रडल्या.

पहाटे बाकावर बसून तेल लावताना
डाव्या पापणीवर अंगठ्याला काही लागलं.
गाठ म्हणण्याएवढं नाही.
तांदूळ निवडताना सुपात राहते तसली एक कणी,
कातडीखाली.
मी तिथंच थांबलो.
तिला कळलं.
"लागते का?"
"हो."
"राहू दे. घरचीच हाये."

बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.
मी कापूस बदलला
आणि तेवढी जागा सोडून
बाकीचा रंग पुसला.