अविकारी

मासळीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर,
मंगळवारी, संध्याकाळी साडेसहाला,
स्टेनवोर बाई फळ्यावर एकच शब्द लिहितात:
ह्रेसांदी.

बारा जण. कोटांच्या आत अजून शीतगृह.
वियेस्लावा, पोलंडची, वहीत रकाने आखते:
पुल्लिंगी काय, स्त्रीलिंगी काय, चौथी विभक्ती काय?
आइसलंडी विशेषण म्हणजे
नामाचा पदर धरून चालणारं पोर,
नाम वळलं की वळतं,
नाम वाकलं की वाकतं.

हा नाही बदलत, बाई म्हणतात.
वारा असो, कॉफी असो, भांडण असो,
एक असो की सात,
हा आपला जसाच्या तसा.
वियेस्लावा रकाने खोडते.
वर्गाला फुकटात काही मिळाल्यासारखं होतं.

मग अर्थ.
बाई शब्दकोश उघडत नाहीत, खिडकी उघडतात.
फ्योर्डवरचं वारं आत घुसतं, कागद उडतात,
कोणीतरी आपल्या भाषेत शिवी देतं.
हेच, बाई म्हणतात.
तरतरी आणणारं. पण लाडानं नाही.
दुलई कधी ह्रेसांदी नसते.
तापातून उठलेल्याला विचारतात ना, ह्रेस आहेस का,
म्हणजे, हुशारी वाटतेय का आता?
त्यातलंच हे.
आधी पडलेलं असावं लागतं.

आता वाक्यं करा.
समुद्रातली उडी ह्रेसांदी आहे.
आल्याचं सूप ह्रेसांदी आहे.
माझा नवरा पोझ्नानला परत गेला, ह्रेसांदी आहे,
असं वियेस्लावा म्हणते, आणि बाईंनासुद्धा
हसू आवरत नाही. व्याकरण बरोबर आहे.

शेवटी रोदेलियो, इलोइलोचा.
उभा राहतो. इथे उभं राहावं लागत नाही.
आईचं, म्हणतो, फोनवर बघितलं.
जेवणाच्या सुट्टीत. अकरा मिनिटं.
मग घंटा झाली.
मग बर्फात हात घातले, कोपरापर्यंत.
बर्फ...

नाम आहे, क्रियापद सापडत नाही.
बाईंच्या बोटांत खडू तसाच.
"होता," वियेस्लावा वहीतून मान वर न काढता सांगते.
"बर्फ होता."
बर्फ होता, तो म्हणतो,
आणि पुढचा शब्द म्हणाला की नाही
ते वाऱ्यात नीट ऐकू येत नाही.

खिडकी लावायला कोणी उठत नाही.
बऱ्याच वेळानं बाई म्हणतात,
पुढच्या मंगळवारी भूतकाळ.