नंबर

घणसोलीत, झेरॉक्सवाला आणि पोळीभाजी केंद्र
यांच्या मधल्या गाळ्यात माझं चष्म्याचं दुकान.
दिवसातून चाळीस वेळा मी एकच विचारते:
ही काच बरी, की ही?
पहिली, की दुसरी?

लोकांना वाटतं परीक्षा आहे.
काहीजण बाकावर बसल्या बसल्या अक्षरं पाठ करतात.
मी सांगते, दिसेल तेच बोला,
इथे कुणी नापास होत नाही.

पद्माकर मढवी, गोठिवली. वय एकाहत्तर.
भाताची खाचरं सिडकोत गेली,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मुलांनी बिल्डरला दिला,
आता चौथ्या मजल्यावर राहतात,
त्यांच्या हिशेबानं बापाच्या खळ्याच्या बरोबर वर.
पट्टीवर हनुवटी टेकवून म्हणाले,
"बाय, दिसतं तां सांगू, का दिसाया पायजे तां?"
दिसतं ते, म्हटलं.
थोडा वेळ गेला.
"मंग बायकोला पन मी तांच सांगलं."

ती श्रावणात गेली. शेवटी शेवटी
एकच मागत होती: गावदेवीपुढे दिवा.
दिवा ते लावायचेच. तिला तो
मनापासून लावलेला हवा होता.
सहा महिने त्यांनी खटपट केली.
पहाटे उठायचे, डोळे मिटायचे,
श्वास कोंडून आत आत जायचे
आणि वर यायचे रिकाम्या हातानं.
खोटं बोलता आलं असतं.
पण चाळीस वर्षांची बायको, तिला आवाजावरून कळलं असतं.

"जमीन जेली तवा सही लागली," म्हणाले,
"देव जेला तवा कोनी सही पन नाय मांगली."

मी पाव नंबर वाढवला.

माझ्या आज्यानं धर्म निवडला होता.
छप्पन साली, उसन्या पैशांच्या तिकिटावर नागपूरला,
अंगात दुसऱ्याचा पांढरा सदरा.
परतल्यावर देव टोपलीत भरून नदीत सोडले.
आजी म्हणे पुढे कित्येक दिवस
रिकाम्या कोनाड्यासमोरून जाताना पदर सारखा करायची.
त्यानं निवडला. बापाला मिळाला.
मला शाळेच्या दाखल्यावर आधीच लिहिलेला.
वंदना मला पाढ्यांसारखी येते,
आणि मी मानते, खरंच मानते,
पण निवडलं का विचाराल तर शपथ घेता येणार नाही.
त्यानं भिंत फोडून केलेली वाट
माझ्यापर्यंत येईतो घर झाली होती.

लेकीच्या ऑपरेशनच्या रात्री, ऐरोलीच्या दवाखान्यात,
पाण्याच्या मशीनशेजारी उभी राहून
मला कुणाकडे तरी मागायचं होतं.
कुणीही चाललं असतं. समोरच्या बाकावरची बाई
तोंडानं पुटपुटत होती, मला तिचा हेवा वाटला.
मी ओठ उघडले. आत नावच नव्हतं.
एवढी गरज होती, तरी उगवलं नाही.

हे मढवींना सांगितलं नाही.
गिऱ्हाइकाला कोण सांगतं.

"दोष माझाच ना?" त्यांनी काचेआडून विचारलं.
आमच्या पुस्तकात दृष्टिदोषच म्हणतात.
तो शब्द मी दुकानात वापरत नाही.
नंबर आहे, म्हटलं. असतो कुणाकुणाला.

फ्रेम स्वस्तातली घेतली. वर दोरी मागितली.
खाली वाकलं की चष्मा घसरतो, वात नीट दिसत नाही.
"अजून लावता?"
"वात मीच वळतो," म्हणाले,
"तवढा हातात हाय. बाकीचा तिनं बगावा."

दोनशे आगाऊ. शुक्रवारी या.
दारातून परत वळले.
"दोनी काचा सारक्याच दिसल्या,
तं काय बोलायचं असतं?"
सारख्या, असंच.
"मंग पयल्यांदा मी चुकीचा बोल्लो," म्हणाले,
आणि चप्पल काढून पुन्हा
खुर्चीत येऊन बसले.